सनी लिस्टन : जन्मतारीख नसलेला जगज्जेता



एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. व्यायामशाळेच्या भिंतीवर, रिक्षाच्या मागे, नाहीतर मोबाईलवर तरी. मुहम्मद अली रिंगमध्ये उभा आहे, उजवा हात छातीसमोर वळलेला आहे आणि खाली उताण्या पडलेल्या माणसावर तो ओरडतोय. मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात थोर खेळाडूंचा उपक्रम घेतला, तेव्हा दोन मुलांनी हाच फोटो चिकटवून आणला होता. अलीबद्दल दहा ओळी छान लिहिल्या होत्या. मागच्या बाकावरच्या एकाने मात्र विचारलं, की बाई, खाली पडलाय तो कोण? मी नाव सांगितलं, सनी लिस्टन. पुढे काय सांगावं ते मलाच माहीत नव्हतं. मग वाचायला घेतलं आणि वाचतच गेले. हा पाठ त्या मुलासाठी लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता लक्षात आलं, की तो आधी तुम्हीआम्ही वाचायला हवा. मुलांना यातलं किती आणि कसं सांगायचं ते तुम्ही ठरवा.

मुष्टियुद्धाच्या जगात लिस्टनचं नाव निघालं की एकच वाद सुरू होतो. हा माणूस एका काळी जगातला सगळ्यात भीतीदायक हेवीवेट होता. मग दीड वर्षात असा कसा कोसळला? कुणी म्हणतं म्हातारा झाला होता, कुणी म्हणतं विकला गेला, कुणी म्हणतं हिंमतच नव्हती. या वादात तुम्ही कोणत्याही बाजूने गेलात तरी थोड्या वेळाने एका जागी येऊन अडकता. ती जागा म्हणजे त्याचं वय.

त्याची जन्मतारीख कुणालाच माहीत नव्हती. त्यालाही नाही.

आपल्याला यात नवल वाटायला नको. आपल्या शाळांची जुनी दाखलखारीज रजिस्टरं उघडून बघा. पानांमागून पानं १ जून. आईबाप मुलाला घेऊन यायचे, जन्म कधीचा विचारलं तर दुष्काळाच्या साली, नाहीतर थोरलीच्या लग्नानंतर, असं सांगायचे आणि गुरुजी मान हलवून १ जून लिहायचे. माझ्या वडिलांचा वाढदिवस १ जून, दोन्ही काकांचा १ जून. पण त्या खोट्या तारखेचासुद्धा एक उपयोग होता. मूल शाळेच्या दप्तरात आलं, त्याचं कुठेतरी नाव लागलं. लिस्टनच्या वाट्याला असे गुरुजी आले नाहीत.

त्याचं खरं नाव चार्ल्स. अमेरिकेच्या आर्कान्सा राज्यात, सेंट फ्रान्सिस काउंटीतल्या सँड स्लू नावाच्या वस्तीवर त्याचा जन्म झाला. आईवडील, हेलन आणि टोब, दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवणारे. म्हणजे आपल्याकडच्या अर्धेलीसारखंच. जमीन मालकाची, घाम यांचा, आणि हिशेबाची वही मालकाकडे. टोबला पहिल्या बायकोपासून तेरा मुलं होती आणि हेलनपासून आणखी बारा. चार्ल्स हा शेवटून दुसरा. त्या राज्यात तेव्हा जन्मदाखला सक्तीचा नव्हता. १९३० च्या जनगणनेत कुटुंबाची नोंद सापडते, पण त्यात हे मूल नाही. १९४० च्या जनगणनेत त्याचं वय दहा लिहिलंय. मोठेपणी कागदोपत्री तारीख लागू लागली तेव्हा ८ मे १९३२ ही तारीख पुढे आली आणि तीच चिकटली.

बाप मारायचा. हे एका वाक्यात सांगून पुढे जावंसं वाटतं, पण तसं करता येणार नाही. चाबकाने मारायचा, आणि इतका, की वीस-पंचवीस वर्षांनी जगज्जेता झालेल्या त्या माणसाच्या अंगावर ते वळ दिसत होते. त्याच्या अंगावर हात टाकायची प्रतिस्पर्ध्यांची छाती होत नव्हती तेव्हाही ते वळ तिथेच होते. मूल शेतात राबायचं. शाळेचा संबंध नावापुरतासुद्धा नाही.

साधारण १९४६ च्या सुमारास आई काही मुलांना घेऊन उत्तरेला, मिसुरी राज्यातल्या सेंट लुइस शहरात कामाला निघून गेली. चार्ल्स बापाजवळ मागे राहिला. त्याने काय केलं बघा. बहिणीच्या नवऱ्याच्या झाडाचे पेकन झोडपून पाडले (अक्रोडाच्या जातीचं फळ, कवच फोडून खातात), जवळच्या फॉरेस्ट सिटी गावात नेऊन विकले, आणि त्या पैशांत आईला शोधायला सेंट लुइसला गेला. तेरा-चौदा वर्षांचं पोर असेल, किंवा सोळाचंही असेल. त्याला धड पाटीसुद्धा वाचता येत नव्हती. मला या सगळ्या चरित्रात ही गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. हिशेब, बेत, धाडस, आईची ओढ, सगळं आहे तिच्यात. असं मूल आपल्या वर्गात असतं तर आपण त्याला हुशार म्हटलं असतं, नाही का?

सेंट लुइसमध्ये तो शाळेत गेलासुद्धा. हे पुष्कळांना ठाऊक नसतं. दांडगा मुलगा, अक्षरओळख नाही, त्यामुळे बसवला लहान मुलांत. मुलं हसली. थोड्याच दिवसांत तो यायचा बंद झाला.

इथे मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गात बारा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. ऊसतोडीच्या कुटुंबातला, वयानुरूप प्रवेशाच्या नियमाने थेट वरच्या वर्गात बसवलेला. मुळाक्षरंही येत नव्हती. नियम चांगला आहे, मी त्याच्या बाजूने आहे, पण नियमाबरोबर विशेष प्रशिक्षणाचा वेळ द्यायचा असतो आणि तो देताना आपली दमछाक होते हे तुम्हीही जाणता. वाचनाच्या तासाला मी त्याला उभं केलं. चूक माझीच. मुलं हसली. पुढचे चार दिवस तो आला नाही. पाचव्या दिवशी मी त्याच्या पालावर जाऊन त्याला घेऊन आले, म्हणून ती गोष्ट निभावली. सेंट लुइसमधल्या त्या पोराला न्यायला कुणी गेलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. टोळकं जमलं, वाटमारी, दुकानं लुटणं, पेट्रोल पंप लुटणं. लुटीच्या वेळी तो ठरलेला पिवळा शर्ट घालायचा, त्यामुळे पोलिसांनी त्याला पिवळ्या शर्टाचा दरोडेखोर असंच नाव ठेवलं होतं. लपायचंसुद्धा धड कळत नव्हतं. जानेवारी १९५० मध्ये पकडला गेला. त्याने वय वीस सांगितलं, वर्तमानपत्राने बावीस छापलं. पाच वर्षांची शिक्षा झाली आणि जेफरसन सिटीच्या मिसुरी राज्य तुरुंगात तो दाखल झाला. तारीख बघा, १ जून १९५०. आपल्याकडे शाळेच्या रजिस्टरात दिसणारी तारीख याच्या तुरुंगाच्या रजिस्टरात आली.

तुरुंगाबद्दल त्याने कधी तक्रार केली नाही. तीन वेळा जेवण मिळतं, एवढं त्याला पुरे होतं. तिथे अलॉयस स्टीव्हन्स नावाचे कॅथलिक धर्मगुरू कैद्यांचे खेळ बघायचे. त्यांनी या मुलाचे हात पाहिले. हात म्हणजे काय हो, मुठीचा घेर पंधरा इंच, दोन्ही हात पसरले की या टोकापासून त्या टोकापर्यंत चौऱ्याऐंशी इंच, म्हणजे सात फूट. उंची मात्र सहा फुटांच्या थोडीच वर. त्यांनी त्याला मुष्टियुद्ध शिकायला लावलं. थोड्याच दिवसांत तुरुंगात त्याच्यापुढे कुणी उभं राहीना, म्हणून बाहेरून एक व्यावसायिक हेवीवेट सरावाला आणला, तोही दोन फेऱ्यांत थांबला. ३१ ऑक्टोबर १९५२ ला लिस्टन पॅरोलवर सुटला.

आता पुढचं गणित पाहा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकचा हेवीवेट सुवर्णविजेता होता एड सँडर्स. हेच ते हेलसिंकी, जिथे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. तुरुंगातून सुटल्यावर जेमतेम चार महिन्यांनी, मार्च १९५३ मध्ये, लिस्टनने शिकागोच्या गोल्डन ग्लोव्हज स्पर्धेत या सँडर्सला हरवलं. चार महिन्यांनी! त्याच वर्षी सप्टेंबरात तो व्यावसायिक झाला आणि पहिली लढत पहिल्याच फेरीत संपवली.

पण त्याच्यामागे उभे कोण होते? सेंट लुइसच्या गुन्हेगारी जगातले लोक. लिस्टनला करार वाचता येत नव्हता. सही तेवढी करता यायची. कागदावर व्यवस्थापक म्हणून एकाचं नाव असायचं, पैसे वेगळ्याच खिशात जायचे. पुढे त्याच्यावर ताबा आला फ्रँकी कार्बो आणि ब्लिंकी पालेर्मो या दोघांचा, जे त्या काळी अमेरिकेतलं मुष्टियुद्ध पडद्याआडून चालवत होते. रिकाम्या वेळात त्याला कामगारांना धाक दाखवायच्या कामालाही लावलं जायचं. आर्कान्सात हिशेबाची वही मालकाकडे असायची असं वर लिहिलं ना, इथेही वही दुसऱ्याकडेच.

हिंमत नव्हती म्हणणाऱ्यांसाठी एक लढत सांगते. ७ सप्टेंबर १९५४, प्रतिस्पर्धी मार्टी मार्शल. लढतीत लिस्टनचा जबडा मोडला. तो थांबला नाही, आठही फेऱ्या पूर्ण खेळला आणि गुणांवर हरला. नंतर याच मार्शलला त्याने दोनदा हरवलं. पुढची जवळजवळ दहा वर्षं तो कुणाकडूनही हरला नाही.

ती दहा वर्षं सलग मिळाली असती तर काय झालं असतं, हा त्या वादातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. १९५६ च्या मे महिन्यात सेंट लुइसमध्ये एका टॅक्सीवरून पोलिसाशी झटापट झाली. लिस्टनने त्याचा गुडघा मोडला, तोंड फोडलं आणि पिस्तूल काढून घेतलं. पोलिसाने वर्णावरून शिव्या दिल्या असं त्याचं म्हणणं. शिक्षा नऊ महिने, सुटका सहा महिन्यांनी. १९५७ चं अख्खं वर्ष खेळायला बंदी. त्यानंतर पोलीस रस्त्यात दिसेल तिथे अडवू लागले, तेव्हा शहर सोडून तो फिलाडेल्फियाला गेला. हे मी त्याची बाजू घेऊन लिहीत नाही. त्याने माणसं लुटली, मारली, हे खरंच आहे आणि ज्यांना मारलं त्यांचंही दुखलंच असणार. पण जमाखर्चात ही वर्षं धरावी लागतात.

१९५८ ला तो परतला आणि १९५९-६० मध्ये समोर येईल त्याला आडवा करत गेला. क्लीव्हलंड विल्यम्स तीन फेऱ्यांत, झोरा फॉली तीन फेऱ्यांत, रॉय हॅरिस तर पहिल्याच फेरीत. एडी मॅकन तेवढा बारा फेऱ्या टिकला. जगज्जेतेपदाची लढत त्याला तेव्हाच मिळायला हवी होती. मिळाली नाही. जगज्जेत्या फ्लॉइड पॅटरसनचे गुरू कस डमाटो म्हणायचे, की याच्यामागे गुंड आहेत, आम्ही खेळणार नाही. कारण खोटं नव्हतं, पण त्यामागे भीतीही होती असं जाणकारांना वाटतं. डिसेंबर १९६० मध्ये सिनेटर एस्टिस कीफॉव्हर यांच्या समितीने मुष्टियुद्धातल्या गुन्हेगारीची चौकशी केली, तेव्हा लिस्टनलाही साक्षीला बोलावलं. देशाचे कायदे करणाऱ्यांनी त्याला शिक्षणाबद्दल विचारलं. एवढ्या मोठ्या माणसाला भर सभेत सांगावं लागलं, की मला वाचता येत नाही.

आता पॅटरसनबद्दल थोडं, कारण आपल्या दृष्टीने ते महत्त्वाचं आहे. तोही गरीब, तोही काळा, घरात अकरा भावंडं. तोही शाळा चुकवून भटकायचा, चोऱ्या करायचा आणि दहाव्या वर्षापर्यंत त्यालाही लिहितावाचता येत नव्हतं. मग न्यायालयाने त्याला न्यूयॉर्कजवळच्या विल्टविक नावाच्या निवासी शाळेत पाठवलं. तिथे कुंपण नव्हतं, छडी नव्हती. एका शिक्षिकेने त्याला वेगळा वेळ देऊन वाचायला शिकवलं. दोन वर्षांत तो मुलगा बदलला आणि आपलं आयुष्य त्या शाळेमुळे मार्गी लागलं असं तो जन्मभर सांगत राहिला. हेलसिंकीत मिडलवेटचं सुवर्ण त्याचंच. एकाला दहाव्या वर्षी शाळेने धरून ठेवलं, दुसरा चौदा-पंधराव्या वर्षी शाळेच्या दारातून हसून घालवला गेला. हे दोघं १९६२ साली समोरासमोर आले तेव्हा अमेरिकेने त्यांना चांगला काळा माणूस आणि वाईट काळा माणूस अशी लेबलं लावली. राष्ट्राध्यक्ष केनेडींनी पॅटरसनला व्हाइट हाउसमध्ये भेटायला बोलावलं. काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेलाही लिस्टन जगज्जेता व्हायला नको होता. चळवळीचं नाव खराब होईल म्हणून.

न्यूयॉर्कने लिस्टनला परवाना नाकारला, म्हणून लढत शिकागोला झाली, कॉमिस्की पार्कमध्ये, २५ सप्टेंबर १९६२. लढत झाली म्हणायची तरी कशी? दोन मिनिटं आणि सहा सेकंद. पॅटरसन पहिल्याच फेरीत उताणा. हेवीवेटचा जगज्जेता पहिल्याच फेरीत बाद होण्याची ती पहिली वेळ होती.

विजयानंतर लिस्टन विमानाने फिलाडेल्फियाला निघाला. शहराचा माणूस जगज्जेता झालाय, विमानतळावर गर्दी असेल, मिरवणूक असेल अशी त्याची खात्री होती. सोबत जॅक मॅकिन्नी नावाचा ओळखीचा पत्रकार होता. विमानात लिस्टन त्याच्यापुढे भाषणाची तयारी करत होता. लिहून काढता येत नव्हतं, म्हणून तोंडपाठ करत होता. आता मी चांगला वागेन, लहान मुलांना अभिमान वाटेल असा जगज्जेता होईन, असं काहीतरी सांगायचं होतं. विमान उतरलं. त्याने टाय नीट केला, टोपी सारखी केली, दारात आला. खाली विमानतळाचे कर्मचारी आणि मूठभर वार्ताहर. बाकी कुणी नाही. मॅकिन्नीने नंतर सांगितलं, की त्या क्षणी तो खचलेला दिसला. भाषण त्याच्याजवळच राहिलं.

आपल्या मुलांनी स्नेहसंमेलनासाठी भाषण पाठ केलेलं असतं आणि पाहुण्यांना उशीर झाला म्हणून आपण ते रद्द करतो, तेव्हा त्यांचे चेहरे कसे होतात ते आठवा.

पुढच्या वर्षी, २२ जुलै १९६३ ला लास व्हेगासमध्ये परतीची लढत झाली. या वेळी दोन मिनिटं दहा सेकंद. पॅटरसन चार सेकंद जास्त टिकला. जगज्जेता होताना आणि ते पद राखताना लिस्टनला मिळून सव्वाचार मिनिटं लागली. त्याच्या शिखराचा काळ तेवढाच दिसतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एस्क्वायर मासिकाने त्याला सांताक्लॉजची लाल टोपी घालून मुखपृष्ठावर छापलं. गोऱ्या वाचकांना राग आला, जाहिरातदार पळाले. त्याला मात्र लहान मुलं मनापासून आवडायची. त्याला ओळखणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हे सांगितलंय.

मधे एक गोष्ट राहिली. १९६१ मध्ये पोलिसांशी पुन्हा खटके उडाले आणि परवाना काही महिने स्थगित झाला, तेव्हा तो डेन्व्हरला एडवर्ड मर्फी या जेझुइट धर्मगुरूंकडे गेला होता. त्यांनी त्याची दारू सोडवायचा आणि त्याला वाचायला शिकवायचा प्रयत्न केला. दोन्हींत फार यश आलं नाही. तिशीतल्या माणसाला, दिवसभर घाम गाळून आल्यावर, अ आ इ ई पासून. साक्षरता वर्गावर रात्री काम केलेल्या शिक्षकांना विचारा, किती कठीण असतं ते. पण तो गेला, बसला, हे तरी लक्षात घ्या.

२५ फेब्रुवारी १९६४, मायामी बीच. समोर बावीस वर्षांचा कॅशियस क्ले, म्हणजे नंतरचा मुहम्मद अली. सेहेचाळीसपैकी त्रेचाळीस क्रीडापत्रकारांनी लिस्टनच जिंकणार असं लिहिलं होतं. लिस्टनलाही तसंच वाटत होतं, त्यामुळे सराव फारसा केलाच नाही. दोन-दोन मिनिटांत लढती संपवणाऱ्याला लांब पळायची सवय कुठून असणार? तिसऱ्या फेरीत त्याच्या डोळ्याखाली कापलं. चौथ्या फेरीनंतर क्लेच्या डोळ्यांत काहीतरी झोंबलं, ते लिस्टनच्या हातमोज्यांवरून गेलं असा संशय आहे आणि त्याचा डाग लिस्टनच्या बाजूवर राहतोच. सहा फेऱ्यांनंतर पंचांचे गुण बरोबरीत होते. सातव्या फेरीची घंटा झाली आणि लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही. डावा खांदा गेला म्हणाला. कुणी विश्वास ठेवला नाही, त्याचे पैसे अडवून ठेवले. डॉक्टरांनी तपासलं तर दंडाच्या स्नायूची शीर खरंच फाटली होती.

इथे वय आडवं येतं. १९३२ चा जन्म धरला तर मायामीत तो एकतीस वर्षांचा होता. अटकेच्या वेळचं वय धरलं तर चौतीस ते छत्तीस. त्याहून मोठा होता असं मानणारेही पुष्कळ आहेत. एकतिसाव्या वर्षी स्टूल सोडायला नकार देणारा माणूस आळशी किंवा विकलेला ठरू शकतो. छत्तिसाव्या वर्षी, फाटलेला खांदा घेऊन, आयुष्यातल्या सगळ्यात चपळ पोरासमोर बसून राहिलेला माणूस फक्त दमलेला असू शकतो. एका रजिस्टरातल्या एका ओळीवर हा निकाल अडकलाय. माझं मत विचाराल तर मायामीत लबाडी नव्हती. तो जखमी होता, बेफिकीर होता आणि त्याचा सर्वांत चांगला काळ १९५९ ते ६१ मध्ये परवानगीची वाट बघण्यात संपला होता.

लेविस्टनबद्दल मी एवढ्या खात्रीने बोलणार नाही. दुसरी लढत बॉस्टनला ठरली होती, अलीला हर्नियाचा त्रास झाला म्हणून पुढे गेली. लिस्टनने त्या वेळी मात्र मनापासून सराव केला होता म्हणतात, तो वाया गेला. शेवटी २५ मे १९६५ ला मेन राज्यातल्या लेविस्टन या छोट्या गावात, मुलं आइस हॉकी खेळायची त्या सभागृहात, २,४३४ प्रेक्षकांसमोर ती झाली. पहिल्याच फेरीत अलीचा छोटासा उजवा ठोसा, आणि लिस्टन खाली. फोटो तो याच क्षणाचा, नील लाइफर या तरुण छायाचित्रकाराने काढलेला. पंच होते माजी जगज्जेते जर्सी जो वॉलकॉट. त्यांना मोजणी सांभाळता आली नाही. लिस्टन उठला, दोघं पुन्हा खेळायला लागले, आणि मग कडेला बसलेले द रिंग मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी दहा सेकंद होऊन गेल्याचं सांगितल्यावर लढत थांबवली. प्रेक्षक ओरडत होते, फसवणूक, फसवणूक. गुंडांचं कर्ज, मॅल्कम एक्सच्या खुनानंतरची दहशत, की खरोखरचा ठोसा? चित्रफितीत ठोसा लागलेला दिसतो. तेवढ्याने असा माणूस पडावा, हे मात्र पटत नाही. मला वाटतं, तो पडला असेल खराच, पण उठायची घाई त्याला वाटली नसावी.

पुढची पाच वर्षं भराभर सांगते. स्वीडनमध्ये चार लढती, चारही जिंकल्या. तिथलंच एक लहान मूल त्याने आणि पत्नी जेराल्डिनने दत्तक घेतलं. १९६८ मध्ये सात विजय. डिसेंबर १९६९ मध्ये लिओटिस मार्टिनने त्याला नवव्या फेरीत बाद केलं. जून १९७० मध्ये चक वेपनरविरुद्ध शेवटची लढत, ती जिंकला. वेपनरच्या तोंडावर इतक्या जखमा झाल्या की लढत थांबवावी लागली. एकूण चोपन्न लढती, पन्नास विजय. हरलेल्या माणसाचं रेकॉर्ड असं असतं? मुलाला मी हाच आकडा आधी सांगितला. चोपन्नमधल्या पन्नास जिंकलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर आहे तो हरलेल्या चारांपैकी एकाचा.

नाताळच्या सुट्टीत जेराल्डिन माहेरी सेंट लुइसला गेली होती. ५ जानेवारी १९७१ ला ती लास व्हेगासच्या घरी परतली तेव्हा लिस्टन खोलीत मरून पडलेला होता. काही दिवस झाले होते. दारात साचलेल्या दुधाच्या बाटल्या आणि वर्तमानपत्रं मोजून पोलिसांनी अंदाज बांधला आणि ३० डिसेंबर १९७० ही तारीख लावली. कारण हृदयविकार आणि फुफ्फुसातला रक्तसंचय असं लिहिलं. घरात हेरॉइन सापडलं होतं, आणि त्याला इंजेक्शनच्या सुईची जबर भीती होती असं मित्र सांगत राहिले, त्यामुळे खुनाची चर्चा अजूनही थांबलेली नाही. जन्मतारीख जशी, तशीच मृत्यूची तारीखही दुसऱ्या कुणीतरी अंदाजाने भरलेली.

लास व्हेगासच्या पॅराडाइज मेमोरियल गार्डन्समध्ये विमानतळाजवळ त्याची कबर आहे. वरून सतत विमानं जातात. कबरीवरच्या पाटीवर नाव आहे, खाली एक माणूस एवढ्याच अर्थाचे दोन शब्द आहेत, आणि जन्मसाल दिलंय १९३२. आमच्या वर्गातल्या त्या मुलाने पाठ ऐकून झाल्यावर वहीत लिहिलं, सनी लिस्टन, जन्म, आणि पुढे जागा मोकळी सोडून माझ्याकडे बघत बसला. मी त्याला ती तशीच राहू दे म्हटलं.